बारा गजांचा टिक्का

चांगुणाबाई शाळेत शिपाई. शिपाई म्हटलं की लोकांना चहाचा ट्रे नि घंटाच दिसते. घंटा ती द्यायची, चहाही द्यायची, पण कुणी कामाचं विचारलं की सांगायची, "म्या मैदानाची हाय. हापिसातलं काम वरकड." उमरीच्या त्या शाळेमागं दोनेक एकराचं मैदान होतं, आणि त्यावर पांढरी रेघ मारायचा हक्क गेली बारा वर्षं एकट्या चांगुणाचा होता. छिद्रं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात फक्की, काखेत सुताची दोरी नि चार खुंट्या. एवढं सामान घेऊन ती मैदानात उतरली की हेडमास्तरसुद्धा कडेकडेनं जायचे. रेघेवर पाय पडला तर बाई कुणाचाही मुलाहिजा ठेवत नसे.

हे काम तिला नवऱ्याकडून आलं. मल्लेश त्याच शाळेत शिपाई होता. सहा फुटी, तालमीतला गडी. काविळीनं गेला, आणि त्याच्या जागेवर चांगुणाला घेतलं. जायच्या आधी आठ दिवस अंथरुणावर पडून त्यानं बायकोला काय शिकवावं? तर कबड्डीचं मैदान कसं आखायचं, खो-खोचं कसं, नि फुटबॉलचं कसं. दुसऱ्या कुणी बँकेचं पासबुक दाखवलं असतं. पण मल्लेशचं पासबुकात फारसं नव्हतंच, जे होतं ते मैदानात होतं. "गोलापासनं सहा पावलं बारकी चौकट, अठरा पावलं मोठी चौकट," तो म्हणाला, "आन् मधी बारा पावलांवर टिक्का. पेनल्टी तिथनंच मारायची. इसरू नको." चांगुणा विसरली नाही. सहा, अठरा, बारा. देवाचं नाव घ्यावं तसं तिनं ते पाठ केलं.

फुटबॉल तसा बरीच वर्षं बंदच पडला होता. करोनानंतर बालाजी सर म्हणून तासिकेवरचे खेळाचे मास्तर आले नि त्यांनी मुलींची टीम काढली. सर मूळचे कबड्डीचे, फुटबॉल ते मोबाइलवर बघून शिकवायचे. पण पोरींना नाद लागला. सर्वांत जास्त लागला तो कशिशला. कशिश म्हणजे बाजारातल्या जलीलभाई कापडवाल्यांची लेक, नववीतली, टीमची कॅप्टन. पेनल्टी मारायची म्हटलं की दुसरी कुणी पुढं यायचीच नाही. चांगुणानं मारलेल्या टिक्क्यावर बॉल ठेवायचा, दोन पावलं मागं जायचं, आणि कोपऱ्यात अलगद सोडून द्यायचा. दहातले नऊ आत. चांगुणा फक्कीचा डबा मांडीवर घेऊन लिंबाखाली बसून हे बघायची आणि तिची छाती फुगायची.

मग ऑगस्टात नांदेडला जिल्ह्याचे सामने झाले. आमच्या पोरी शेवटच्या सामन्यापर्यंत गेल्या, बरोबरीत सुटल्या, आणि निकाल पेनल्टीवर आला. पाच पोरींनी पाच बॉल मारले. चार बॉल समोरच्या गोलकीपरनं वाकून उचलले, अगदी पडलेलं लिंबू उचलावं तसे. कशिशचाही त्यातच. परत आल्यावर कशिश गाडीतून उतरली ती सरळ घरी गेली.

इथवर ठीक होतं. हार-जीत चालायचीच. पण शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी अमृतराव यांना त्या हारीत सोनं सापडलं. शाळेच्या बाजूलाच त्यांचं नवं मंगल कार्यालय उभं राहत होतं आणि गाड्या लावायला जागा नव्हती. शनिवारी प्रार्थनेच्या वेळी माइक हातात घेऊन हा बाबा सगळ्या शाळेसमोर म्हणाला, "पोरींच्या पायात जोर न्हाई. बॉल गोलापर्यंत पोचंना. असल्या खेळाला दोन एकर रान कशाला आडवून ठिवायचं? मंगळवारी मुरूम टाकून घेऊ. गाड्याबी लागतील, शाळेला भाडंबी यील." पोरी माना खाली घालून उभ्या. कशिशच्या तर कानशिलापर्यंत लाली चढलेली, डोळ्यांतून पाणी. चांगुणा घंटेपाशी उभी होती. तिच्या मनात आलं की हातातला घंटेचा हातोडा त्या माइकवर हाणावा. हाणला नाही, कारण नोकरी होती, आणि घरात दुसरा कमावणारा नव्हता. पण मुरूम पडला की मैदान गेलं, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. मुरमावर कोण पोरगी खेळेल? आणि मैदान गेलं की चांगुणाकडं उरणार काय, तर चहाचा ट्रे.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच दिवशी दुपारी साडेतीनला बायकांच्या वर्ल्डकपचा शेवटचा सामना होता, स्पेन आणि इंग्लंडचा, तिकडं ऑस्ट्रेलियात. बालाजी सरांनी पोरींना महिनाभर आधीच कबूल केलं होतं की शाळेच्या मोठ्या टीव्हीवर दाखवतो. आता त्या खोलीला अमृतरावांनी कुलूप घातलं. सर तासिकेवरचे, ते काय बोलणार? शेवटी जलीलभाई म्हणाले, "आमच्या दुकानात या ना. गादी काय गिऱ्हाइकालाच हाय का?"

जलीलभाईंचं दुकान मोंढ्याच्या रस्त्यावर, आजोबांपासूनचं. पांढऱ्या गादीवर लुगडी, साड्या पसरायच्या, आणि भिंतीला टीव्ही. त्या दिवशी गादीवर चौदा पोरी बसल्या, चपला बाहेर ओळीनं. कशिश यायला तयार नव्हती, तिला बापानं जवळजवळ ओढून आणून मागच्या कोपऱ्यात बसवली. चांगुणा उंबऱ्याजवळ बसली. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, त्यामुळं माहेरी आलेल्या लेकींना साड्या घ्यायला बायका येत होत्या, आणि आलेली बाई टीव्ही बघून तिथंच टेकत होती. "कोण खेळून राहिलंय?" "बाया." "बाया? आन् एवढी माणसं बगायला?" पाऊण लाख माणूस बसलेलं होतं त्या मैदानात. एका म्हातारीनं पदर सावरला आणि हिशेबच सोडून दिला.

चांगुणाची नजर मात्र माणसांवर नव्हती. ती रेघा बघत होती. हिरव्यागार गवतावर सुरीनं कापल्यागत सरळ रेघा. कुणाच्या हातच्या असतील, त्याला कोण मुकादम असेल, फक्की कुठली वापरत असतील, हेच तिच्या डोक्यात. स्पेननं पहिल्याच अर्ध्या डावात एक गोल केला. डाव्या अंगानं पळत आलेल्या पोरीनं लांबून, तिरका मारला. पोरी गादीवर उभ्या राहिल्या, फक्त कशिश बसून होती.

दुसऱ्या डावात इंग्लंडच्या एका पोरीच्या हाताला चौकटीत बॉल लागला. पंच बाई बाहेर गेली, छोट्या टीव्हीत बघत उभी राहिली. लई वेळ लागला. मग पेनल्टी दिली. आणि त्या सगळ्या वेळात टीव्हीतला हिंदी बोलणारा बोलतच होता. त्यातच तो म्हणाला, बारह गज का फासला, गोलकीपर अकेली.

चांगुणाचे कान टवकारले.

"जलीलभाई, गज म्हंजी किती?"

जलीलभाई हसले. "आक्का, मला इचारता? खानदानी धंदा हाय." त्यांनी दाराच्या मागं टेकवलेली लोखंडी कांब काढली. आजोबांच्या काळातला गज, निजामाचं राज्य होतं तेव्हापासूनचा. आता मीटरपट्टी आली, गज दार अडवायला ठेवलेला. "हा एक गज. तीन फूट. वार म्हना, गज म्हना, एकच. तुमचं हे लुगडं नऊ गज."

"आन् टिक्का बारा गजांवर?"

"तो तर तसंच बोलतोय."

टीव्हीत स्पेनच्या पोरीनं बॉल ठेवला, धावत आली आणि मारला. खाली, डाव्या बाजूला, फारसा जोर नव्हता. इंग्लंडच्या गोलकीपरनं अंग टाकलं आणि बॉल पोटाशी धरला. दुकानात हाय हाय झालं. चांगुणाला त्यातलं काही दिसलं नाही. ती उठली होती. तिनं जलीलभाईंच्या हातातून गज घेतला, एक कोरं इरकली लुगडं उचललं, "टोक धरा," म्हणाली, आणि दुकानाच्या पायरीपासून रस्त्यावर लुगडं ताणत गेली. जलीलभाई एवढे गांगरले की लुगडं धुळीत चाललंय हेही बोलले नाहीत. मग ती परत पायरीपाशी आली आणि लुगड्याच्या कडेनं चालायला लागली. नेहमीसारखी. एक, दोन, तीन. मैदानात चालते तशीच.

बाराव्या पावलाला लुगडं संपलं.

चांगुणा तिथंच उभी राहिली. साडेचार फूट उंचीची बाई, नेसूचं सावरत चालणारी, तिचं पाऊल पडून पडून किती पडणार? मल्लेशचं एक पाऊल म्हणजे एक गज होता. तिचं पाऊणच. बारा पावलं तिनं इमानानं मोजली होती, एकही कमी केलं नव्हतं, आणि दोन वर्षं पोरींनी नऊ गजांवरून पेनल्टी मारायचा सराव केला होता. मोठी चौकटही तशीच आखूड, बारकीही. सगळंच एका मापानं आखूड झालं, म्हणून कुणाच्या डोळ्याला खुपलं नाही. सरांच्याही नाही. आणि नांदेडला खऱ्या टिक्क्यावरून पोरींनी रोजच्याच अंदाजानं अलगद बॉल सोडले, ते वाटेतच थकले.

तिला मल्लेशचा राग आला. मेल्यानं 'माझी पावलं' म्हणून सांगायचं की नाही? मग स्वतःचाच राग आला. बारा वर्षं मैदानाची मालकीण म्हणून मिरवते, आणि एक टेप आणून बघायचं सुचलं नाही.

जलीलभाईंच्या लक्षात सगळं आलं. कापडवाल्याला माप समजायला वेळ लागत नाही. ते खाली उतरले, लुगडं गुंडाळत हळूच म्हणाले, "आक्का, चुप बैठो. किसकू मालूम? टिक्का उद्या गुपचूप लांब सरकवा. तो अमृतराव तुमाला खाऊन टाकील. नोकरी जाईल."

जलीलभाई खोटं बोलत नव्हते. कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसलं असतं तर शिपाई म्हणून निवृत्तीपर्यंत सहा वर्षं आरामात गेली असती.

आत सामना संपला होता. एक-शून्य. स्पेनच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या, हसत होत्या. कशिश कोपऱ्यातून पुढं आली होती. चांगुणा उंबऱ्यात आली तशी तिनं विचारलं, "मावशी, ती पेनल्टी हुकली ना, तिच्याबी पायात जोर न्हवता का?"

एवढंच विचारलं पोरीनं. डोळे मात्र असे होते की चांगुणाला तिथं उभं राहवेना. एका चौदा वर्षांच्या लेकराला आयुष्यभर वाटत राहणार की आपल्या पायातच काही नाही, आणि का, तर चांगुणाला आपली चूक लपवायची होती. ती गादीवर बसली, चौदा पोरींच्या मधोमध.

"तिच्याबी पायात जोर हाय, तुमच्याबी हाय," ती म्हणाली. "चूक माझी हाय. नीट आयका." आणि तिनं सगळं सांगितलं. पोरी हसतील असं तिला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. कशिशनं फक्त दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि पाच मिनिटांनी हात काढले तेव्हा ती रडत होती, पण शनिवारचं रडणं वेगळं नि हे वेगळं.

सोमवारी पंचमीची सुट्टी. मैदानातल्या लिंबाला दरवर्षी झोका बांधतात, तसा बांधला होता. गावातल्या सासुरवाशिणी, म्हाताऱ्या, लहान पोरी, सगळ्या नटूनथटून जमलेल्या. सकाळी दहाच्या सुमाराला अमृतरावांची पांढरी गाडी थेट मैदानात घुसली. सोबत मुरूमवाला ठेकेदार. उद्या टिपर कुठून घालायचा ते दाखवायला आले होते. गाडी उभी केली ती दक्षिणेकडच्या गोलासमोर, ऐन चौकटीत.

चांगुणा आधीच तिथं होती. फक्कीचा डबा, दोरी आणि जलीलभाईंचा गज घेऊन. मागं चौदा पोरी आणि बालाजी सर. सरांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण आले होते, त्यांचं एवढं मानलं पाहिजे.

"साहेब," चांगुणा म्हणाली, "जरा बोलायचं हाय." आणि झोक्यावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं चूक सांगितली. नऊ गज, बारा गज, तीन गजांचा फरक. लपवलं काहीच नाही.

अमृतराव क्षणभर गोंधळले, मग त्यांना हसू आलं. "म्हंजी दोन वर्सं तू चुकीचं मैदान आखून राहिली? आन् ह्ये सोता सांगायलीस? नोटीस काढू का? घरी बसशील."

"काढा. नोटिशीत लिव्हा, टिक्का तीन गज चुकला म्हून. पोरींच्या पायात जोर न्हाई असं मात्र लिव्हू नका. शनवारी माइकवर बोललात ते मागं घ्या."

बायकांचा झोका थांबला. अमृतरावांनी आजूबाजूला बघितलं. यात त्यांच्या घरच्याही दोन सुना होत्या. "बरं," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मग आख की बारा गज. पर आज पंचमी हाय. जमिनीत खुंटी मारत न्हाईत. नागोबाच्या दिवशी जमीन उकरणार का तू? इचार ह्या बायांनाच." आणि त्यांनी विजयी मुद्रेनं हात मागं बांधले.

हे मात्र त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्या दिवशी बायका तवा चुलीवर ठेवत नाहीत, विळीवर चिरत नाहीत, जमीन खणत नाहीत. चांगुणाही पाळायची. तिनं दोरी उलगडली. मग दोरीचं एक टोक कशिशच्या हातात दिलं. "तू खुंटी. त्या पोलापाशी हुबी ऱ्हा." दुसरं टोक दुसरीच्या हातात. तिसरी, चौथी. चौदा पोरी जागोजागी उभ्या राहिल्या, दोरी ताणली गेली, आणि जमिनीला ओरखडासुद्धा न काढता चांगुणानं गजावर गज ठेवत उत्तरेकडची चौकट आखली. सहा गज. अठरा गज. बारा गजांवर टिक्का. नवा टिक्का जुन्यापासून एवढा लांब दिसला की एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, लेकरांनी किती जवळनं मारलं."

"मार, कशिश," चांगुणा म्हणाली.

पहिला बॉल गोलकीपर आरतीनं आरामात धरला. दुसरा बाहेर गेला. अमृतराव ठेकेदाराकडं बघून हसले. तिसऱ्याला कशिश चार पावलं मागं गेली आणि असा लगावला की आरतीचा हात लागूनही आत गेला. चौथा अडला. पाचवा वरच्या कोपऱ्यात. बायकांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांना गोल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांनीसुद्धा.

"दोनच," अमृतराव म्हणाले.

"काल जगाच्या सामन्यात एक मारली आन् तीबी अडली. तरी कप त्यांच्याच घरी गेला. त्यांच्या सायबानं मैदानात मुरूम टाकला न्हाई."

सुना पदराआड हसल्या. अमृतरावांचा चेहरा उतरला, आणि असा माणूस चेहरा उतरला की हट्टाला पेटतो. "उद्या टिपर येणार म्हंजी येणार," ते म्हणाले.

"येऊ द्या. आता तुमची गाडी काढा. ती माझ्या टिक्क्यावर हाय."

गाडी त्यांनी काढली नाही. दार आपटून आत बसून राहिले. चांगुणानं दक्षिणेकडची चौकट आखायला घेतली. रेघ गाडीपाशी आली, तिनं टायरवरून फक्की सोडली, बंपरच्या कडेनं गेली आणि पलीकडून रेघ पुढं चालू केली. पांढऱ्या गाडीवर पांढरी फक्की, तशी फार दिसली नाही, पण ड्रायव्हरला ती दोन दिवस धुवावी लागली असं म्हणतात.

मंगळवारी सकाळी सातला टिपर आला. पंचमी सरली होती. मैदानात अठ्ठावीस खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या, आणि मधोमध चांगुणा बसलेली, भोवती पोरी, आणि कडेनं कालच्या पंधरा-वीस बाया, ज्यांना घरची कामं टाकून यायचं काही कारण नव्हतं. अमृतरावांची धाकटी सूनसुद्धा लेकराला कडेवर घेऊन उभी होती. टिपरवाल्यानं काच खाली केली, विचार केला, अमृतरावांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. त्यानं मुरूम फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ओतला आणि निघून गेला.

नोटीस आली. बालाजी सरांनी उत्तर लिहायला घेतलं तेव्हा ते म्हणाले, "मावशी, माफी मागू या." चांगुणानं तीन ओळी सांगितल्या: माप चुकलं, ते मान्य आहे. दुरुस्त केलं आहे. मैदान सोडणार नाही. आणि खाली सही केली. मग दुपारच्या सुट्टीत पोरींना घमेली देऊन फाटकाबाहेर नेलं आणि अमृतरावांचा तो मुरूम, दोन वर्षं पावसाचं पाणी साचून गोलासमोर जे खड्डे पडले होते त्यांच्यात भरला आणि वर माती ओढली.